निवृत्तीनंतर पुन्हा नवशिके होताना: डोकं तरतरीत ठेवण्याची तीन महिन्यांची आखणी

निवृत्तीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेकांचा दिवस ठरून जातो. सकाळी त्याच बागेत त्याच दिशेने चकरा, मग कट्ट्यावर त्याच मंडळींशी त्याच राजकारणावर त्याच बाजूने वाद. घरी येऊन शब्दकोडं, दुपारी डुलकी, संध्याकाळी मालिका. तब्येत बरी असते, पेन्शन वेळेवर येते. फक्त मुलीने फोनवर ‘बाबा, काय नवीन?’ असं विचारलं की ‘काही नाही, तुझं सांग’ म्हणून विषय तिच्यावर ढकलावा लागतो.

मेंदूला चालना द्या, लोकांत मिसळा, हे सगळ्यांनाच माहीत असतं. घोळ असा होतो की लोक या दोन गोष्टी वेगवेगळ्या करतात. कोणी घरात एकटं बसून मोबाइलवर सुडोकू सोडवतं, तर कोणी रोज माणसांत असतं पण तिथे तेच ते बोलतं. माझं म्हणणं साधं आहे: ज्यात आपण अगदी कच्चे आहोत असं काहीतरी, दर आठवड्याला, इतर माणसांबरोबर बसून शिकायचं. या लेखात त्याचीच आखणी आहे. साठीच्या पुढच्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे, पण पंचावन्नला सुरुवात केलीत तर जास्त सोपं जाईल.

दोन्ही एकत्र कशासाठी?

टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेतल्या डेनीस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ६० ते ९० वयाच्या २२१ जणांचे गट पाडले. काहींनी डिजिटल फोटोग्राफी शिकली, काहींनी गोधडीकाम, काहींनी दोन्ही. एका गटाने नवीन काही न शिकता गप्पा, खेळ, सहली केल्या. आणखी काही जण घरीच शब्दकोडी आणि संगीत ऐकणं अशा ओळखीच्या गोष्टींत राहिले. आठवड्याला साधारण पंधरा तास, तीन महिने हे चाललं. शिकणाऱ्यांची, विशेषतः फोटोग्राफीवाल्यांची, प्रसंग लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारली. नुसत्या गप्पा-सहलीवाल्यांत तसा फरक दिसला नाही.

म्हणून कट्टा बंद करायचा का? मुळीच नाही. ‘लॅन्सेट’च्या स्मृतिभ्रंशावरच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली आहेत आणि त्यांत एकाकीपण आहे. ही सगळी कारणं दूर करता आली तर जगभरातले सुमारे ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा त्यांचा आजार लांबणीवर पडेल, असा आयोगाचा अंदाज आहे. आपल्याकडे साठीच्या पुढच्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसं. कट्टा एकटेपणावर औषध आहे. फक्त तेवढ्याने डोक्याला काम मिळत नाही, आणि नुसत्या सुडोकूने माणूस मिळत नाही.

पायरी पहिली: कान, डोळे आणि रक्ताचा अहवाल

हे वाचून लगेच क्लास शोधायला निघू नका. आधी कान तपासा.

कमी ऐकू येणारा माणूस एकदम एकटा पडत नाही. सुरुवातीला तो चारचौघांत एखादं वाक्य सोडून देतो आणि सगळे हसले की आपणही हसतो. मग लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची पकडतो. मग ‘मला कंटाळा येतो त्या गर्दीत’ म्हणून जाणंच टाळतो. घरचे म्हणतात, स्वभाव बदलला. तिखट बोलायचं तर, स्वभाव तोच असतो, वरच्या पट्टीतले आवाज गेलेले असतात. नातवाचं आणि सुनेचं बोलणं कळत नाही, मुलाचं भारदस्त बोलणं मात्र कळतं, आणि त्यातून घरात भलतेच गैरसमज होतात.

अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. श्रवणयंत्राने तीन वर्षांत सगळ्यांना सरसकट फायदा झाला असं दिसलं नाही. पण ज्यांना मुळातच धोका जास्त होता, त्या गटात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. तेव्हा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घ्या. कित्येकदा नुसता मळ निघतो आणि माणूस पुन्हा बोलका होतो. यंत्र लागलंच तर ते पहिल्या दिवसापासून दिवसभर घालू नका. आधी घरात, शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना; मग दोघा-तिघांत; आणि सरतेशेवटी बाजारात. बरीच यंत्रं ड्रॉवरमध्ये पडून राहतात ती पहिल्याच दिवशी कार्यालयातल्या पंगतीत घालून नेल्यामुळे.

पैशांची अडचण असेल तर चौकशी करण्यासारख्या दोन योजना आहेत. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशी साधनं देते. महाराष्ट्राने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना अशा साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये बँक खात्यात देण्याची तरतूद आहे. सध्या अर्ज घेतायत का, हे जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या.

डोळ्यांचं मोतीबिंदूपुरतं तरी पाहून घ्या. आणि रक्त तपासताना साखरेबरोबर बी-१२ आणि थायरॉइड सांगा. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सर्रास आढळते, आणि तिच्यामुळे येणारा विसराळूपणा, मरगळ उपचारांनी सुधारू शकते. उगाच ‘आता वय झालं’ म्हणून स्वतःला निकालात काढण्याआधी एवढी एक तपासणी होऊ द्या.

पायरी दुसरी: आठवडाभराची वही

शंभर पानी वही घ्या, पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे दिवसभरात कोणाकोणाशी पाच मिनिटांहून जास्त बोललो ती नावं. उजवीकडे त्या दिवशी काय पहिल्यांदा केलं, पाहिलं, ऐकलं, चुकलं. सात दिवस हे खोटं न बोलता लिहायचं.

डावी बाजू बहुतेकांची बरी भरते. तिच्यात फक्त दोन गोष्टी तपासा. रोज तीच चार नावं येतात का? आणि त्यांत आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, घराबाहेरचं, कोणी आहे का? दूधवाल्याशी हिशेब केला तो धरायचा नाही. त्याच्या गावाकडे यंदा पाऊस कसा झाला हे त्याने सांगितलं असेल तर धरायचा.

उजवी बाजू कोरी राहते. तिच्यात ‘व्हॉट्सॲपवर नवीन माहिती वाचली’ असं लिहिण्याचा मोह होतो. ते लिहू नका. दुसऱ्याने पुढे ढकललेलं आपण आणखी पुढे ढकललं, त्यात डोक्याला काय काम?

पायरी तिसरी: एक अवघड गोष्ट निवडा

एकच. तीन नकोत. निवडताना मी चार कसोट्या लावायला सांगतो. पहिली, त्यात आपण खरोखर कच्चे हवेत. आयुष्यभर हिशेब केलेल्या माणसाने सोसायटीचे हिशेब बघणं ही समाजसेवा झाली, शिक्षण नव्हे. दुसरी, महिन्याभरात थोडी तरी प्रगती डोळ्यांना दिसावी. तिसरी, आपण गेलो नाही तर कोणाला तरी ते कळावं आणि त्याने फोन करावा. चौथी, घरापासून पोचायला अर्ध्या तासाहून जास्त लागू नये, नाहीतर पहिल्या पावसात खंड पडतो.

भाषा हा उत्तम पर्याय आहे. हैदराबादच्या निम्स रुग्णालयात सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांना आढळलं की दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सुमारे साडेचार वर्षं उशिरा दिसू लागला होता, निरक्षरांतसुद्धा. हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. अर्थात ती माणसं त्या भाषा आयुष्यभर वापरत होती. सत्तराव्या वर्षी कन्नडची पुस्तिका उघडली की साडेचार वर्षं पदरात पडतात, असा हिशेब मांडू नका. पण सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडच्या माणसाला कन्नड बोलायला शेजारीच माणसं मिळतात आणि मुंबईकराला गुजराती. शिकायचं तर जी भाषा संध्याकाळी कोणाशी तरी बोलता येईल ती.

पेटी, तबला, बुद्धिबळ, ब्रिज, पोहणं, पक्षी ओळखणं, कुंभारकाम, सगळं चालेल. नाचाला नाकं मुरडू नका. न्यूयॉर्कमध्ये ७५ च्या पुढच्या ४६९ जणांवर झालेल्या २००३ च्या अभ्यासात शारीरिक हालचालींपैकी नृत्याचाच स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी संबंध दिसला होता. बायकांकडे मंगळागौरीच्या खेळांच्या रूपाने हे आयतंच आहे, पण नेहमीचेच खेळ दरवर्षी तसेच करण्याऐवजी यंदा न येणारे दोन शिकून घ्या. गुडघे सांभाळून, एवढंच.

मी इथे मोडी लिपीचं उदाहरण जरा सविस्तर घेतो, कारण मराठी माणसाला ती अर्धी ओळखीची आणि अर्धी परकी आहे, आणि नेमकं तेवढंच अवघड हवं असतं.

मोडीचे तीन महिने

पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात, राज्याच्या पुराभिलेख विभागातर्फेही प्रशिक्षण होतं, आणि बऱ्याच शहरांत जाणकार मंडळी छोटे वर्ग चालवतात. आपल्या गावात कोण शिकवतं ते जवळच्या सार्वजनिक वाचनालयात विचारा. ग्रंथपालाला सहसा माहीत असतं.

पहिले दोन आठवडे हाताचे. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ मारून घेतात आणि अक्षरं तिच्याखाली एकाला एक लागून येतात. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. साठ वर्षं देवनागरी लिहिलेला हात दर अक्षरानंतर आपसूक वर उचलला जातो आणि गुरुजी म्हणतात, ‘हात उचलू नका.’ रोज सकाळी अर्धा तास बाराखडी घोटायची. वही दोन रेघी घ्या, पेन जरा जाड टोकाचं. ऱ्हस्व-दीर्घाची चिंता नको. मोडीत इकार-उकाराचा तो भेद पाळत नाहीत, त्यामुळे शाळेत शुद्धलेखनाला मार खाल्लेल्यांना इथे पहिल्यांदा सुखाने लिहिता येतं.

तिसऱ्या आठवड्यापासून वाचन. इथे एकट्याने बसू नका. वर्गातला एक जोडीदार धरा, शक्यतो वयाने लहान. एकाच कागदाची प्रत दोघांनी आपापल्या घरी वाचायची आणि आठवड्यात एकदा चहाला भेटून ताडून पाहायची. तुम्हाला ‘मौजे’ वाचता आलेलं असतं, त्याला पुढचं गावाचं नाव लागलेलं असतं. ओळ अडली की दोघं कागद उजेडात धरून भांडतात. हे भांडण हाच मला या सगळ्यातला सर्वात मोलाचा भाग वाटतो. यात आपला अनुभव, पद, पगार काही कामाचं नसतं, कागदावर काय आहे तेवढंच चालतं.

दुसऱ्या महिन्यात तारखा. पेशवाईतल्या कागदांवर शुहूर सन, म्हणजे तेव्हाची एक वर्षगणना, अरबी शब्दांत असतो. ‘खमस मयातैन व अलफ’: खमस पाच, मयातैन दोनशे, अलफ हजार, म्हणजे १२०५. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, १८०४ किंवा १८०५. कोणता, ते महिन्यावर ठरतं, कारण हे वर्ष मृग नक्षत्राला, जूनच्या सुमाराला बदलायचं. एक ते दहा हे अंक अरबीत पाठ करा: इहिदे, इसन्ने, सल्लास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, अशर. नातवाला सोबत घ्या. त्याचे दोन दिवसांत पाठ होतात आणि आपले होत नाहीत, याचा राग मानायचा नाही.

तिसऱ्या महिन्यात घरातला, नात्यातला एखादा जुना कागद काढा. खरेदीखत, गहाणखत, वतनाचा वाद, काहीतरी पेटीच्या तळाशी निघतंच. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्याचं काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्याला गावोगावी विचारणा होऊ लागली आहे. नीट वाचता येईपर्यंत दुसऱ्याच्या कागदाचा अर्थ छातीठोकपणे सांगू नका, पण लोक कागद घेऊन आपल्या दारात येतात तेव्हा ‘काय नवीन?’ला उत्तर आपोआप मिळतं.

पायरी चौथी: चुकायची लाज

इथे सर्वात जास्त माणसं गळतात, आणि त्यांत पुरुष जास्त. वर्गात शिकवणारी मुलगी पंचविशीची असते. ती सहज म्हणते, ‘काका, हे पुन्हा करा.’ ज्याने तीस वर्षं दुसऱ्यांचे मसुदे लाल शाईने दुरुस्त केले, त्याला ते लागतं. पुढच्या आठवड्यात पाठ दुखते, त्याच्या पुढच्या आठवड्यात पाहुणे येतात, आणि मग ‘तसं काही खास शिकवत नव्हते’ असं ठरतं.

यावर उपाय साधे आहेत. पहिल्या दिवशी आपलं जुनं पद सांगायचंच नाही. नाव सांगा, कुठे राहता सांगा, पुरे. पुढच्या बाकावर बसा, मागे बसलं की शेजाऱ्याशी ‘आमच्या वेळी’ सुरू होतं. आणि गुरुजी ‘कोणी वाचेल का?’ म्हणाले की पहिल्यांदा हात वर करून पहिल्यांदा चुकून घ्या. एकदा सगळ्यांसमोर चुकलं की पुढे धास्ती राहत नाही.

धीर हवा असेल तर ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातलं फांगणे गाव आठवा. तिथे २०१६ च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर-पाटी घेऊन वर्गात बसू लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा सही करणाऱ्या त्या बायकांना चुकायची लाज वाटली नाही, आणि आपण पेन्शनर असून संकोचायचं? महर्षी धोंडो केशव कर्वे सत्तरी उलटल्यावर, १९२९ मध्ये, युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले होते आणि पंच्याऐंशीच्या पुढे त्यांनी समता संघ काढला. ते १०४ वर्षं जगले. सगळेच कर्वे नसतात, मान्य. पण आपल्याला युरोपला जायला कोणी सांगतही नाही, पुढच्या चौकापर्यंत जायचंय.

पायरी पाचवी: नव्या माणसांत शिरायचं कसं

ज्येष्ठ नागरिक संघ जवळपास प्रत्येक शहरात आहेत आणि फेस्कॉम हा त्यांचा राज्य महासंघ आहे. संघात जरूर जा. मात्र अनेक संघांचे कार्यक्रम म्हणजे पाहुण्यांचं भाषण, वाढदिवसवाल्यांना गुलाबाचं फूल, शाल-श्रीफळ आणि बटाटेवडा. दोन तास समोर बघत बसायचं आणि शेजाऱ्याचं नावही न कळता घरी यायचं. तुम्ही कार्यकारिणीवर असाल तर भाषणाचा वेळ अर्धा करा आणि उरलेल्या वेळात चार-चारच्या टोळ्या करून काहीतरी हाताने करायला द्या. टोळ्या चिठ्ठी टाकून पाडा, नाहीतर कट्ट्यावरचे चार जण इथेही एकत्र बसतात.

नव्या गटात एकटे जा. सोबत मित्र नेलात की त्याच्याशीच बोलत राहता. पहिल्या दोन-तीन वेळा कोणी फारसं विचारणार नाही, ते गृहीत धरा. लवकर ओळख व्हायची खात्रीची युक्ती म्हणजे काम मागून घेणं: खुर्च्या मांडणं, हजेरी घेणं, चहाची नोंद ठेवणं. हजेरी घेणाऱ्याला महिन्याभरात सगळ्यांची नावं येतात आणि सगळ्यांना त्याचं. नाव ऐकलं की त्याच वाक्यात एकदा वापरा, घरी आल्यावर वहीत लिहा: ‘जोशीबाई, लोणारच्या, बासरी वाजवतात.’ पुढच्या भेटीत ‘बासरी कशी चाललीय?’ विचारलंत की मैत्रीचं निम्मं काम झालं.

हास्यक्लबाची अनेकांना चेष्टा वाटते. डॉ. मदन कटारिया यांनी तो १९९५ मध्ये मुंबईतल्या एका बागेत पाच जणांना घेऊन सुरू केला आणि तो जगभर गेला. खोटं हसण्याचे फायदे किती, हा वाद बाजूला ठेवू. रोज ठरल्या वेळी वीस माणसं आपली वाट बघतात आणि दोन दिवस दिसलो नाही तर घरी येऊन बेल वाजवतात, ही सोय साधी नाही.

बायकांची अडचण वेगळी असते. भिशी, भजनी मंडळ, हळदीकुंकू यांमुळे त्यांना माणसं असतात, वेळ नसतो. निवृत्ती नवऱ्याची होते, स्वयंपाकघर चालूच राहतं, वर नातवंडांना शाळेतून आणायचं काम येतं. त्यांना माझं सांगणं एवढंच की आठवड्यातल्या दोन दुपारी ‘माझ्या’ म्हणून जाहीर करा. कालनिर्णयावर लाल पेनाने खुणा करा, म्हणजे मुलाला आणि सुनेला त्या दिसतील. परवानगी मागू नका, कळवा. पहिल्या महिन्यात दोनदा तरी ‘आई, आजच्या दिवस’ असा फोन येईल. एकदा क्लास बुडवलात तर ठीक, दुसऱ्यांदा मात्र जा. घर चालतं.

खेड्यात क्लास नसतात ही तक्रार खरी आहे, पण तिथे भजनी मंडळात पखवाज वाजवणारा कोणीतरी असतो, सप्ताहात आलेले वारकरी असतात, शाळेत एखादा उत्साही शिक्षक असतो. नुसतं टाळ घेऊन मागे उभं राहण्याऐवजी त्या पखवाजवाल्याकडे जाऊन बसा.

पायरी सहावी: तरुण मित्र

सगळे मित्र समवयस्क असले की दरवर्षी यादी लहान होत जाते, हे कटू आहे पण खरं आहे. शिवाय गुडघ्यापासून सुरू झालेलं बोलणं प्रोस्टेटवर संपतं. घराबाहेरची निदान दोन तरुण माणसं ओळखीची हवीत.

देवाणघेवाण ठेवली तर हे जमतं. सोसायटीतल्या दहावीच्या मुलाला गणित किंवा संस्कृत शिकवा आणि बदल्यात त्याच्याकडून मोबाइल शिका. शिकताना फोन त्याच्या हातात द्यायचा नाही, ही अट पहिल्या दिवशीच घाला. तो सटासट चार बटणं दाबून ‘झालं आजोबा’ म्हणतो आणि आपण तिथेच राहतो. बोट आपलं हवं, तोंड त्याचं. प्रत्येक कृती वहीत आपल्या शब्दांत लिहून घ्या. एका भेटीत एकच काम: आज गाडीचं तिकीट, पुढच्या वेळी फोटो साठवणं.

इंटरनेटवर ओळखी वाढल्या की भामटेही येतात. पोलीस किंवा सीबीआयच्या नावाने व्हिडिओ कॉल करून ‘डिजिटल अरेस्ट’ करणारे ज्येष्ठांनाच हेरतात. असं काही कायद्यात नाही. फोन ठेवून द्या आणि पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर तक्रार करा. लाजून गप्प बसण्यात वेळ जातो आणि पैसे पुढच्या खात्यात जातात.

पायरी सातवी: महिन्यातून एकदा लाल डब्यातून

दूरच्या सहली जरूर करा, पण बसमध्ये टीव्ही, हॉटेलात मराठी जेवण आणि सगळीकडे आपलीच चाळीस माणसं अशा सहलीत डोकं घरीच राहतं. त्यापेक्षा महिन्यातून एकदा एसटीने जवळच्या न पाहिलेल्या गावी जा. ६५ ते ७५ वयाला एसटीत निम्मं तिकीट आहे, ७५ च्या पुढे ऑगस्ट २०२२ पासून राज्यात प्रवास मोफत, आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना अर्धं तिकीट. ओळखपत्र खिशात हवं.

जाताना एकच प्रश्न घेऊन जा. मोडीवाल्यांसाठी पुण्याहून एक दिवसाची वाट सुचवतो: स्वारगेटहून वाई, तिथून तीनेक किलोमीटरवर मेणवली. कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे. मराठेशाहीच्या इतिहासाला मोठा आधार झालेलं मेणवली दप्तर याच वाड्यातलं. घाटावर एका छोट्या देवळीत टांगलेली मोठी घंटा पोर्तुगीज आहे, आणि वसईच्या मोहिमेनंतर ती इकडे आली असं सांगतात. ख्रिस्ती घंटा कृष्णाघाटावर कशी काय, हा प्रश्न घेऊन जा आणि वाईच्या चहाच्या टपरीवर दोन माणसांना विचारा. दोघं दोन गोष्टी सांगतील. परत येताना बसमध्ये त्या पडताळायला काय वाचावं लागेल याची यादी करा.

घराजवळ राहूनही नवेपण मिळतं. रोजचा फिरायचा रस्ता उलट्या दिशेने घ्या, मंडईत न घेतलेली रानभाजी घ्या आणि विकणारीलाच ती कशी करायची विचारा. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, करटोली येतात. पाच मिनिटांत पाककृती मिळते आणि वहीच्या दोन्ही बाजूंना लिहायला होतं.

खंड पडला तर

पडणारच. मोतीबिंदूचं ऑपरेशन, मुलीचं बाळंतपण, जुलैचा पाऊस. दोन आठवडे गेले नाही की तिसऱ्याला जायची लाज वाटते. म्हणून वर्गातल्या जोडीदाराला आधीच सांगून ठेवा: ‘मी दोनदा आलो नाही तर मला ओढून न्या.’ बंद पडलेलं काम पूर्ण मापाने सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त जाऊन बसा.

नवरा किंवा बायको गेल्यानंतरचं पहिलं वर्ष वेगळं असतं. तेव्हा नवं काही शिकायचा आग्रह घरच्यांनी धरू नये. नेहमीची दोन माणसं, नेहमीची जागा, एवढं सुटू दिलं नाही तरी पुष्कळ. महिनोन्महिने झोप नाही, भूक नाही, कशातच रस नाही असं झालं तर ते दुःखापलीकडचं असू शकतं. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे.

चष्मा कुठे ठेवला ते विसरणं हे सगळ्यांचंच असतं. पण ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत तिसऱ्यांदा विचारणं, आयुष्यभर चोख असलेला पैशांचा व्यवहार गडबडणं, नेहमीची आमटी करताना क्रम हरवणं, ही क्लास लावून बरी होणारी लक्षणं नव्हेत. न्यूरॉलॉजिस्टना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, आणि जाताना घरातलं कोणीतरी सोबत न्या, कारण बदल आधी त्यांना दिसलेला असतो.

जे घराबाहेर पडू शकत नाहीत

जिना उतरता येत नाही, किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करताहात, अशांना वरचं बरंचसं चिडवल्यासारखं वाटेल. त्यांच्यासाठी आखणी उलटी करावी लागते, माणसं घरी आणावी लागतात. आठवड्यातला एक वार आणि एक तास ठरवून दोघा-तिघांना बोलवा, नुसत्या भेटीला नको, कामाला. बुद्धिबळाचा पट मांडा, एकाच कथेचं पुढचं प्रकरण मोठ्याने वाचा, तोच मोडीचा कागद फोडा. परदेशातल्या मुलांनी रविवारच्या व्हिडिओ कॉलवर ‘जेवलीस का, औषध घेतलंस का’ एवढंच विचारण्याऐवजी आईला त्यांच्या गावच्या भाषेतली पाच वाक्यं शिकवावीत आणि तिच्याकडून एक पदार्थ मापांसकट शिकून घ्यावा. ती ‘अंदाजाने घाल’ म्हणेल. तिला वाटी-चमचा हातात घेऊन मोजून दाखवायला लावा, आणि पुढच्या रविवारी बिघडलेला पदार्थ कॅमेऱ्यासमोर धरून काय चुकलं ते तिला विचारा.